दोन घरांचा माळ

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आमच्या घरी आत्याच्या हक्काचं. दारव्हा तालुक्यात तिचं सासर, वावरात आयुष्य गेलेलं, शिक्षण चौथीपर्यंत. पण पेन्सिल हातात घेतली की घरातल्या शिकलेल्यांनी मुकाट्यानं बाजूला बसायचं. एकदा आडवा शब्द आला, दोन अक्षरी: ‘उंचावरची उजाड जमीन’. आत्या लगेच म्हणाली, “बरड!” मग बोट ठेवून घरं मोजली आणि थांबली. “बरडाले तीन घरं लागतात, अथी त दोनच हायेत.” थोड्या वेळानं उभ्या शब्दातून पहिल्या घरात ‘मा’ आला. मी म्हटलं, “आत्या, माळ.” तिनं लिहिला, पण समाधान झालं नाही. “आमी त बरडच म्हंतो. मंग यवतमाळातला माळ कोन्ता? हाच का गळ्यातला?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर कोश चाळले, गॅझेटिअरं पाहिली, माणसांना विचारलं. दोन अक्षरांच्या या शब्दात किमान दोन वेगवेगळे शब्द राहतात, त्यांची कुळं वेगळी आहेत, आणि एका जिल्ह्याचं नाव नेमकं त्यांच्यामध्ये अडकलेलं आहे. हा आढावा आत्याच्या त्या प्रश्नाचा.

सुरुवात खेळापासूनच करायला हवी, कारण मराठी शब्दखेळांत या शब्दाची अडचण पहिल्यांदा उघडी पडते. इंग्रजी स्क्रॅबल अमेरिकेत 1930 च्या दशकात अल्फ्रेड बट्स नावाच्या माणसानं रचला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्रांची पानं मोजून ठरवलं आणि त्यावरून सोंगट्यांच्या किमती लावल्या. मराठीत असं मोजायला बसलं तर पहिला प्रश्न हाच येतो की अक्षर म्हणजे काय. आपल्या कोड्यात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरासोबतच घरात येते, जोडाक्षरही एकाच घरात बसतं. म्हणून ‘माळ’ला दोन घरं, ‘माळी’ला दोन, ‘माळा’ला दोन, ‘मळा’ला दोन. कोडं रचणाऱ्याला हे छोटे शब्द फार उपयोगी पडतात; मोठ्या शब्दांमधल्या फटी तेच बुजवतात.

पण ‘माळ’च्या दुसऱ्या घरात ‘ळ’ आहे, आणि ळ हे हट्टी अक्षर आहे. मराठीत ळ नं सुरू होणारा एकही रूढ शब्द नाही. त्यामुळे कोड्यात ळ ज्या घरात बसतो तिथून नवा शब्द सुरू करता येत नाही. तो मधे येईल नाहीतर शेवटी. भेंड्या खेळताना तर हे लहान मुलंही जाणतात. एका गटानं ‘माळ’वर किंवा ‘बाभूळ’वर संपवलं की दुसरा गट ओरडतो, “ळ आला, ल घ्या!” आणि खेळ ल वरून पुढं जातो. ही सवलत महाराष्ट्रभर चालते, कुणी लिहून ठेवलेला नियम नसतानाही. पुढं यवतमाळच्या नावाचा प्रश्न येईल तेव्हा हीच सवलत पुन्हा आठवावी लागणार आहे, म्हणून ती इथं सांगून ठेवतो.

आता अर्थ. मराठीत ‘ती माळ’ आहे आणि ‘तो माळ’ आहे. नुसता शब्द लिहिला तर फरक दिसत नाही, पण प्रत्यय लागला की दोघं लगेच वेगळे होतात. फुलांच्या माळेत, पण गावाबाहेरच्या माळावर. माळेला गाठ मारतात, माळाला कुंपण घालतात. अनेकवचनात स्त्रीलिंगी शब्द ‘माळा’ होतो, पुल्लिंगी ‘माळ’च राहतो. मराठी बोलणारं पाच वर्षांचं मूलसुद्धा यात चुकत नाही. कोशकारांनी दोन वेगळ्या नोंदी करण्याच्या कितीतरी आधी बोलणाऱ्यांनी त्या केल्या होत्या.

‘ती माळ’ सोपी आहे. संस्कृत ‘माला’, तिचंच हे रूप. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत येताना ळ होतो हा आपल्या भाषेच्या घडणीतला पक्का नियम आहे: फल–फळ, काल–काळ, कमल–कमळ, माला–माळ. जिथं मूळ शब्दात जोड असेल तिथं मात्र ल टिकतो. म्हणूनच ‘काळ’ म्हणजे वेळ आणि ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस. दुसरा ‘कल्य’ या जोडाक्षरी शब्दापासून आला. एका टिंबाइतक्या फरकावर दोन अर्थ उभे आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द या नियमाबाहेर राहतात, त्यामुळे एकाच मुळाची दोन रूपं मराठीत शेजारी शेजारी नांदतात. घरातली जपमाळ, देवळासमोरची दीपमाळ, गळ्यातली बोरमाळ, मोहनमाळ, विहिरीवरच्या रहाटगाडग्याची घटमाळ: इथं ळ. वर्णमाला, ग्रंथमाला, दूरचित्रवाणीवरची मालिका: इथं ल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये मासिक काढलं ते ‘निबंधमाला’ म्हणून. छापील कारभार ल चा, अंगावरचा आणि अंगणातला ळ चा.

या स्त्रीलिंगी माळेनं मराठीत किती संसार मांडलाय ते बघण्यासारखं आहे. बाई केसांत गजरा ‘माळते’. फुलांच्या माळा करणारा तो मालिक, मालाकार. त्यातूनच ‘माळी’ हा शब्द आला आणि मग तो बागेत, भाजीपाल्यात काम करणाऱ्या साऱ्या समाजाचं नाव झाला. तुळशीची माळ गळ्यात घातली की माणूस ‘माळकरी’, आणि त्यानंतर ताटात काय येईल, ओठाला काय लागेल हे सगळं बदलतं; ‘त्यानं माळ घातली’ एवढ्या तीन शब्दांत गावाला सारं कळतं. निवडणूक झाली की वर्तमानपत्रं विचारतात, अध्यक्षपदाची माळ कुणाच्या गळ्यात? हा वाक्प्रचार सरळ स्वयंवरातून आलाय. आणि नवरात्रात तर माळ दिवस मोजते. घटावर रोज एक नवी माळ सोडायची, म्हणून ‘आज पाचवी माळ’ म्हणजे पाचवा दिवस. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भभर नावाजलेला. त्या नऊ दिवसांत शहरात बाहेरगावचे लोक लोटतात आणि ‘कितव्या माळेला येता?’ असा निरोप फोनवरून जातो. तारीख बाजूला राहते, माळ सांगितली जाते.

‘तो माळ’ जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त मोलाचा.

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. त्यात पुल्लिंगी माळ म्हणजे उंच, विस्तीर्ण, नांगराखाली न आलेली जमीन, अशा आशयाचा अर्थ आहे. पुढं दाते–कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1930 च्या दशकात खंडाखंडानं आला, कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 मध्ये. आज सर्वसाधारण वाचकाच्या मनात माळ म्हटलं की उघडं, मुरमाड, ओसाड रान येतं. ‘उजाड माळ’, ‘माळरान’, ‘ओसाड माळावर’ अशी विशेषणं त्याला चिकटूनच असतात.

पण शब्द मुळात उजाड होता का? इथं विदर्भातल्या वाचकानं थोडं थांबावं. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर राहतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, हे मत वा. वि. मिराशींनी साधार मांडलं आणि ते बहुतेकांनी मानलंय. यक्ष मेघाला वाट सांगतो, तेव्हा निघाल्यावर लगेचच एका ‘माल’ नावाच्या क्षेत्रावर चढून जायला सांगतो. टीकाकार मल्लिनाथ या शब्दाचा अर्थ डोंगरासारखी उंच जमीन असाच करतो. म्हणजे आपल्या पुल्लिंगी माळाचा हा पूर्वज, आणि तो भेटतो कुठं, तर विदर्भाच्या भूमीवर. आणखी एक गोष्ट त्या श्लोकात आहे. तो माल उजाड नाही. नुकताच नांगरलेला आहे, आणि नांगरटीचा वास त्याला येतोय. खेड्यातल्या बायका पावसाच्या आशेनं वर मेघाकडं बघतायत. मृग लागायच्या तोंडावर दारव्ह्याच्या किंवा राळेगावच्या कुठल्याही वावरात हे चित्र आजही दिसतं. उंचपणा हा शब्दाचा मूळ अर्थ; ओसाडपणा त्याला नंतर चिकटला असावा, बहुधा अशा भागांत जिथं उंचावरच्या जमिनीला पाणी पोचत नव्हतं.

संस्कृतात हा शब्द कुठून आला? द्राविड भाषांकडं बोट जातं, आणि ते उगाच नाही. तमिळमध्ये ‘मलै’ म्हणजे डोंगर, मल्याळममध्ये ‘मल’, कन्नडमध्ये ‘मले’. कर्नाटकातला मलेनाडू म्हणजे डोंगराळ मुलूख. संस्कृत काव्यातला चंदनाचा मलय पर्वत त्याच कुळातला. उंच जमिनीचा संस्कृत ‘माल’ आणि हे सगळे शब्द यांचं नातं जोडण्याचा मोह अभ्यासकांना झालाय, आणि अर्थ इतका जवळ आहे की तो मोह मलाही रास्त वाटतो. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की मलै म्हणजे डोंगर, आणि माळ म्हणजे डोंगर नव्हे. माळ म्हणजे चढ संपल्यावर लागणारा सपाट उंचवटा. डोंगर चढून दम लागतो, माळावर वारा लागतो. यवतमाळला घाट चढून आलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

‘माळा’ हा शब्दही या उंचीच्या घरातलाच दिसतो. घरातला पोटमाळा, जिथं बियाणं, कांदे, जुन्या ट्रंका जातात, तो माळा. पिकाच्या राखणीसाठी वावरात उभारलेलं मचाण, तोही माळा. यवतमाळ जिल्ह्यात रानडुकरांच्या त्रासानं रात्रभर जागली करावी लागते; चार बल्ल्या, वर फळ्या, त्यावर गोधडी, हातात बॅटरी आणि वाजवायला डबा. हे सगळं ज्याच्यावर होतं तो माळा जमिनीपासून दोन पुरुष उंच असतो. मराठवाड्यातलं मातीचं सपाट छप्पर म्हणजे माळवद. कन्नडमध्ये ‘माळिगे’ म्हणजे वरचा मजला किंवा गच्ची. एवढे शब्द उंचावरच्या सपाट जागेभोवती जमलेत, आणि त्यांच्यात ळ आहे. ‘मळ’ आणि ‘मळणी’ मात्र यात ओढू नयेत. अंगावरचा मळ संस्कृत ‘मल’ आहे, आणि मळणं म्हणजे तुडवणं, चोळणं. त्यांचा उंचीशी काही संबंध नाही. कोड्यात शेजारी येतात एवढंच.

आता यवतमाळ.

आधी नावाचा कागदोपत्री प्रवास. ‘आईन-इ-अकबरी’त या भागातल्या एका परगण्याचं नाव ‘योत-लोहारा’ असं येतं. लोहारा हे गाव आजही यवतमाळला लागूनच आहे, आता तिथं औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी कागदावर ‘योत’ किंवा ‘यवत’ एवढंच नाव होतं, पुढं माळ नव्हता. इंग्रजांच्या काळात जिल्हा आधी वणीच्या नावानं ओळखला जायचा. वणीचं इंग्रजी लिखाण ‘वून’ असं झालं होतं, इतकं की ते वाचून वणी ओळखू येऊ नये. 1905 मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. तेही इंग्रजीत ‘येवटमाल’सारखं वाचलं जाईल अशा रूपात. त्यातला ळ रोमन लिपीत ल झाला. भेंड्यांतली तीच सवलत, फक्त या वेळी सरकारी दप्तरात.

नावाच्या उत्तरार्धाबद्दल आज तीन मतं फिरतात.

पहिलं मत इंग्रजी गॅझेटिअरांचं: हा माळ मूळचा ‘महाल’ आहे. मोगलांच्या कारभारात महाल म्हणजे महसुलाचा एक घटक, जवळजवळ परगणाच. यवत हे त्या परगण्याचं ठाणं, म्हणून यवत-महाल आणि त्याचं यवतमाळ. दुसरं मत सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणि पर्यटनाच्या माहितीतून सतत वाचायला मिळतं: यवत म्हणजे डोंगर, माळ म्हणजे रांग, म्हणून यवतमाळ म्हणजे डोंगरांची रांग. तिसरं मत कुठं फारसं लिहिलेलं नाही, पण गावातल्या माणसाला विचारलं तर तो हेच सांगतो: यवत नावाचं गाव माळावर वसलं, म्हणून यवतमाळ.

दुसऱ्या मताचा निकाल लवकर लागतो. यवत या शब्दाचा डोंगर असा अर्थ मराठीत रूढ नाही. यवत हे गावाचं नाव आहे. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातही एक यवत आहे, रेल्वेस्टेशनसकट. त्याहून पक्का पुरावा रोजच्या बोलण्यात आहे. रांग या अर्थाची माळ स्त्रीलिंगी. तो शब्द नावात असता तर आपण ‘यवतमाळेत’ म्हटलं असतं. कुणीही तसं म्हणत नाही. वर्तमानपत्रांचे मथळे, एसटीतले प्रवासी, बाजारातले अडते, सगळे ‘यवतमाळात’ म्हणतात. आत्यानंही प्रश्न विचारताना ‘यवतमाळातला’ असंच म्हटलं होतं. म्हणजे निम्मं उत्तर तिच्या प्रश्नातच होतं आणि ते मला ऐकू आलं नाही. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे या जिल्ह्यात पसरलेत हे खरं, पण भूगोल खरा असला म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

पहिलं मत वजनदार आहे. ते लिहिणारे कारकुनी शिस्तीचे लोक होते, त्यांच्यापुढं जुनी कागदपत्रं होती, आणि परगण्याचा उल्लेख खरा आहे. शिवाय ‘यवतमाळात’ हा पुरावा या मताविरुद्ध जात नाही, कारण ‘महालात’ हेही पुल्लिंगीच. तरी मला ते पटत नाही, आणि कारण पुन्हा तोच ळ. अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांचा ल मराठीनं ळ केल्याचं सहसा आढळत नाही. मशाल, दलाल, सवाल, हलाल, गुलाल, खुशाल, माल: शतकानुशतकं मराठी तोंडात राहूनही यांतला ल जागचा हलला नाही. ल चा ळ होण्याची क्रिया जुन्या प्राकृत काळातली. फारसी शब्द आले तोवर ती थांबली होती. खुद्द ‘महाल’ हा शब्दही तसाच टिकला. नागपुरातली भोसल्यांच्या वाड्याभोवतीची वस्ती आजही महाल आहे. गुजरातीत तर मराठीसारखाच ळ आहे, तरी पाच महालांचा जिल्हा तिथं पंचमहाल म्हणूनच राहिला. मग एकट्या यवतमाळातच महालाचा माळ का व्हावा?

माझा अंदाज असा की गॅझेटिअरकारांनी हे नाव आपल्याच रोमन लिखाणातून वाचलं. त्यांच्या कानाला ल आणि ळ यांत फरक वाटत नसावा, लिपीत तर तो नव्हताच. समोर ल दिसला, दप्तरात परगणा दिसला, आणि दोन्ही जुळवले गेले. फार तर एवढं मानता येईल की दप्तरात कधी ‘यवत महाल’ असं लिहिलं जात असेल, आणि गावात त्याच वेळी यवतचा माळ असं बोललं जात असेल. दोन नावं एकमेकांना लागून चालली आणि बोलण्यातलं टिकलं. लोकांच्या तोंडी जो ळ आहे तो उंच जमिनीच्या माळाचा आहे, असं माझं ठाम मत झालंय. जमीनही तेच सांगते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर, पठारावर आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या काळ्या कसदार जमिनीवरून पश्चिमेकडं वर यायला लागलं की चढ लागतो, मुरूम दिसायला लागतो, आणि मग सपाटी येते. त्या सपाटीला जुन्या माणसांनी माळ म्हटलं असेल तर त्यात नवल ते काय?

यावर एक आक्षेप मीच माझ्यावर घेतला होता, आत्याच्या तोंडून. इथली माणसं अशा जमिनीला माळ म्हणतच नाहीत, बरड म्हणतात. वावर, धुरा, पांदण, ओलीत, बरड हे इथले शब्द. सरकारी गायरानाला तर सगळे सर्रास ‘ई-क्लास’ म्हणतात, जुन्या वऱ्हाडी महसुली वर्गवारीतून आलेलं ते नाव. माळ हा सातारा-सांगलीकडचा, माणदेशातला रोजचा शब्द. मग इथल्या नावात तो कसा? पण गावांची नावं अशीच असतात. बोलण्यातून गेलेले शब्द नावांत राहतात. शिवाय बरड आणि माळ हे एकच नाहीत. बरड म्हणजे हलकी, मुरमाड माती. ती उतारावरही असते. माळ हा जमिनीचा आकार सांगतो, बरड तिचा पोत. यवत जिथं वसलं ती जागा उंच होती, हलकी असेलच असं नाही. कालिदासाच्या मालासारखीच.

1973 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, माणदेशातल्या माळांवर वाढलेले. ज्या मुलखात माळ रोज तोंडी येतो तिथला कवी, ज्या गावाच्या नावातच माळ आहे तिथं आला, आणि त्या गावचे लोक मात्र बरड म्हणत होते. 2019 मध्ये पुन्हा इथंच संमेलन झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. यवतमाळच्या नावाची चर्चा अशा मंडपात व्हावी असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडी बोलीचा मुद्दा सोडून चालणार नाही. इथं ळ चा य होतो: डोळे–डोये, काळा–काया, केळी–केयी. त्याच नियमानं ‘माळ’चा ‘माय’ होतो आणि ‘यवतमाळ’चा ‘यवतमाय’. शाळेत या उच्चारावर मुलांना हसलं जातं, हे मी पाहिलंय, आणि ते फार चुकीचं आहे. हा नियम नीट पाळला जातो. महत्त्वाचं म्हणजे तो ल ला लागू होत नाही: वऱ्हाडी माणूस मशालीला ‘मशाय’ म्हणत नाही आणि महालाला ‘महाय’ म्हणत नाही. म्हणजे ज्याला आपण अशुद्ध म्हणतो त्या बोलीनं ल आणि ळ यांतला फरक गॅझेटिअरपेक्षा जास्त काटेकोरपणे जपलाय. ‘यवतमाय’ म्हणणारी म्हातारी बाई माझ्या लेखी या प्रश्नातली सर्वांत भरवशाची साक्षीदार आहे.

याच जिल्ह्यात, केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजीकडं, कोलाम राहतात. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. हाही दोन घरांचाच शब्द. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी तिच्यावर 1955 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इथल्या गोंडांची गोंडीही त्याच कुळातली. मराठी आणि द्राविड भाषा इथं एकाच बाजारात, एकाच पांदणीनं शेकडो वर्षं येत-जात आहेत. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या, नाल्याच्या, वावराच्या नावाचा उलगडा करताना फक्त संस्कृत आणि फारसीकडं बघणं अपुरं आहे. महाराष्ट्रात इतरत्रही माळवाडी, माळेगाव, माळशिरस अशी नावं आहेत, आणि प्रत्येकातला माळ वेगळा तपासावा लागेल: एखादी माळवाडी माळावरची असेल, एखादी माळ्यांची.

शब्दाचा अर्थ आक्रसला की जमिनीचं काय होतं, हेही सांगायला हवं. माळ म्हणजे ओसाड, पडीक, असं एकदा मनात बसलं की ती जागा कशालाही देऊन टाकायला हरकत वाटत नाही. गवताळ माळ हे जिवंत रान आहे. माळढोक आणि माळटिटवी या पक्ष्यांच्या नावातच माळ आहे. माळढोकसाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं. आपल्या शेजारी, वर्धा नदीपलीकडं वरोऱ्याच्या शिवारातही माळढोक दिसल्याच्या नोंदी आहेत. आज हा पक्षी देशभरात नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. त्याला झाडी लागत नाही, मोकळं गवत लागतं. ते नांगरलं गेलं, त्यावर झाडं लावली गेली, तारा गेल्या. पडीक जमीन सुधारली असं आपण म्हणत राहिलो. कोशातल्या एका विशेषणाचा दोष सगळा नाही, पण थोडा आहे.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आपल्या वरच्या वावराले त माळवावरच म्हनत होते माहे सासरे.” मी चकित झालो. इतकी वर्षं ती बरड म्हणत होती, आणि सासऱ्यांच्या पिढीत त्याच घरात माळ होता. सातबाऱ्यावर त्या वावराला फक्त गट क्रमांक आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. यवतमाळ जिल्ह्यात, किंवा वऱ्हाडात कुठंही, तुमच्या घरी सत्तरीपुढचं माणूस असेल तर या उन्हाळ्यात त्याच्याजवळ बसा आणि प्रत्येक वावराचं नाव विचारा: माळवावर, बरडी, नाल्याकडचं, जे काही असेल ते. ऐकलं तसं लिहा, ळ असेल तर ळ, य असेल तर य. ल करू नका. वहीच्या एका पानावर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं वय टाका. ही नावं कुठल्याच कोशात नाहीत.